गोव्यातून लहान मुलांना घेऊन लांबचा गाडीप्रवास: रस्ता बघून खेळ ठरवा

मुलांना गाडीत कसं रमवायचं याच्या याद्या नेटवर ढिगाने सापडतात, पण त्या लिहिणाऱ्यांनी बहुतेक असं धरलेलं असतं की रस्ता सरळ आहे आणि पोर मागे शांतपणे पुस्तक रंगवत बसलंय. आपलं तसं नाही ना. गोव्यातून देशावर जायचं म्हणजे चोर्ला घ्या, अनमोड घ्या नाहीतर सावंतवाडीवरून आंबोली घ्या, घरातून निघाल्यावर थोड्याच वेळात घाट समोर उभा. म्हणजे पोर नुकतं खाऊन-पिऊन ताजंतवानं, हातात नवीन चित्रांचं पुस्तक, आणि नेमकं तेव्हाच वळणं सुरू. मग पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहेच, अर्धे आईबाप कणकुंबीला गाडी थांबवून सीट पुसत असतात.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे, मुलाच्या वयाप्रमाणे खेळ निवडायचे ते निवडाच पण त्याआधी रस्त्याप्रमाणे निवडा. वळणांवर कान आणि तोंड वापरायचे खेळ, सपाटीवर हाताचे खेळ, अंधार आणि ट्रॅफिकमध्ये मोबाईल. बाकीचं सगळं याच्याभोवती बसवायचं.

आधी रस्त्याचे तुकडे पाडा

निघायच्या दोन-तीन दिवस आधी कागद घ्या आणि रस्ता लिहून काढा. समजा फोंड्याहून पुणे. फोंडा ते मोले ठीकठाक, मोले ते अनमोड घाट, मग रामनगर-खानापूर करत बेळगाव, आणि बेळगावपासून पुण्यापर्यंत हायवे, मध्ये खंबाटकी. म्हापशाहून निघणारे बांदा-सावंतवाडी-आंबोली-आजरा करतील, डिचोली-सांखळीवाले केरीवरून चोर्ला चढतील. मुंबईला ६६ नंबरच्या हायवेने जाणाऱ्यांना सुरुवातीला मोठा घाट नाही पण पुढे कोकणातली चढउतारं आणि वळणं बरीच आहेत, त्यामुळे तिकडे पहिले तास हाताचे खेळ चालतात आणि दुपारनंतर सांभाळावं लागतं.

प्रत्येक तुकड्यासमोर फक्त एवढंच लिहा: वळणं / सपाट / गर्दी. पावसाळा असेल तर घाट चालू आहे का बंद ते निघण्याआधी तिकडच्या कोणाला तरी फोन करून विचारा, आणि घाट उजेडातच पार होईल अशा हिशोबाने निघा. पहाटे तीनला निघालं की पोरं झोपतात असं खूप जण सांगतात, झोपतात पण, पण ड्रायव्हरही अर्धवट झोपेत असतो आणि आंबोलीचं धुकं काही कोणाला विचारून उतरत नाही. पाचच्या आसपास निघा, पोरं तेव्हाही झोपतातच.

कोण कुठे बसणार

खेळांच्या आधी हे, कारण मूल पट्ट्यात बसलेलं नसेल तर खेळ-बिळ सगळं फुकट. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली त्यात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट लावणं सक्तीचं आहे, नाहीतर १००० रुपये दंड. दंडाचं सोडा, पण मांडीवर घेतलेलं मूल जोरात ब्रेक लागला की हातात राहत नाही, आजीने कितीही घट्ट धरलं तरी. आमच्याकडे "आम्ही नाही का तुम्हाला मांडीवर आणलं" हा डायलॉग प्रत्येक ट्रिपला होतो, तो ऐकून घ्यायचा आणि पट्टा लावायचा. तान्ह्याची मागे तोंड करून बसायची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच लावायची नाही. मोठ्यांचा बेल्ट गळ्याला घासत असेल तर बूस्टर पाहिजे, साधारण पावणेपाच फूट उंची होईपर्यंत.

आता सीट डावीकडे का उजवीकडे? हायवेवर आपण उत्तरेकडे चाललेलो असतो, म्हणजे सकाळचं ऊन उजव्या खिडकीतून येतं आणि दुपारचं डावीकडून. एकच मूल असेल तर डावीकडे बसवा, सकाळभर सावली मिळते आणि थांबल्यावर रस्त्याच्या कडेच्या बाजूने उतरवता येतं. दुपारसाठी खिडकीला जाळीचा पडदा. ऊन तोंडावर आलं की कुठलाही खेळ पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही, हे खरं कारण असतं आणि आपण म्हणतो पोर किरकिर करतंय.

दोन मुलं असतील तर मध्ये मोठं माणूस किंवा मोठी बॅग. हात पोचला की चिमटे, चिमटे आले की रडारड. आणि शक्य असेल तर घाट संपेपर्यंत एक मोठं माणूस मागेच बसू दे, पुढच्या सीटवरून मान वळवून वळवून गोष्ट सांगणाऱ्यालाच आधी मळमळायला लागतं.

न्याहारी घाटाच्या वर

हे नियम म्हणून पाळा. घरातून निघताना पोटभर दूध-पोहे-अंडं असलं काही नाही, आणि एकदम रिकाम्या पोटी पण नाही, त्यानेही मळमळतं. थोडं कोरडं काहीतरी. आपल्याकडे पोदेराची (पाववाल्याची) काकणं, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव मिळतात ती यासाठी एक नंबर, कोरडी, तेल नाही, वास नाही, पोराच्या हातात बांगडीसारखी बसतात आणि कुरतडत बसायला वेळ लागतो. ती नसतील तर साधा पाव, टोस्ट, किंवा सुकी चपाती. पाणी घोट-घोट. खरी न्याहारी घाट चढून गेल्यावर, रामनगर, जांबोटी नाहीतर आजऱ्याच्या बाजूला कुठे नीट जागा बघून.

मळमळ का होते ते मोठ्या मुलांना सांगून ठेवा, त्यांना कळतं. कानाच्या आतला भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे पुस्तकावर आहेत ते म्हणतात आपण एका जागी बसलोय, मेंदूचा गोंधळ होतो. म्हणून लांब बाहेर बघायचं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त, त्याहून लहानांना सहसा कमी. ओळखायचं कसं? बडबडं पोर अचानक गप्प होतं, जांभया देतं, तोंड पांढरं पडतं, कपाळावर घाम, लाळ सुटते. यातलं काही दिसलं की "अजून दोन वळणं" करत बसायचं नाही, सुरक्षित जागा बघून थांबायचं, खाली उतरवायचं, वारा लागू द्यायचा. काच थोडी खाली आणि गाडीतलं ते सेंटचं डबडं निघायच्या आधीच काढून घरी ठेवा. लिंबू हातात देतात हुंगायला, देऊ द्या, नुकसान नाही आणि पोराला एक काम मिळतं. गोळी द्यायची असेल तर आधी मुलांच्या डॉक्टरला विचारून, वजनाप्रमाणे, आणि निघायच्या आधी. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

आणि झाकणासकट आईस्क्रीमचा रिकामा डबा, दोन जुने पंचे, एक जोडी कपडे हे डिकीत ठेवू नका, सीटखाली ठेवा. डिकी उघडेपर्यंत कोणी थांबत नसतं.

घाटातले खेळ: कान आणि तोंड

घाटात मुलाच्या हातात काही नाही. पुस्तक नाही, मोबाईल नाही, स्टिकर पण नाही. मान खाली गेली की संपलं.

मोठ्या मुलांना गावांच्या भेंड्या घ्या. गाण्यांच्या भेंड्यांना लहान मुलं लगेच अडतात, गावांना अडत नाहीत कारण रस्ताभर पाट्या दिसत असतात. म्हापसा, मग स वरून सावर्डे, ड वरून डिचोली, ल वरून लोटली, परत ल, लांजा, ज वरून जांबोटी. सांखळी किंवा कुडाळ आलं की भांडण ठरलेलं कारण ळ ने गाव सुरू होत नाही, तेव्हा ळ चा ल करायचा हे खेळ सुरू व्हायच्या आधीच जाहीर करा. बघून सांगितलेलं गाव चालणार का नाही हे पण आधी ठरवा. आम्ही चालवतो, पोरं त्या नादात बाहेर बघतात आणि तेच तर पाहिजे असतं.

चार-पाच वर्षांच्यांना कोडी. जुनीच घ्या, ती तोंडात बसलेली असतात. बत्तीस चिरे त्यात नागीण फिरे. पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब. तीन डोळे पण शंकर नव्हे, पाणी आहे पण घागर नव्हे (हे तर आपल्याकडे खिडकीतून बाहेर बघूनच सुटतं, माडच माड). दोन-चार कोडी झाली की मुलं स्वतःची बनवायला लागतात, "लाल असतं आणि गाडी असते ते काय? लाल गाडी!" असली, त्यांना मनापासून हसायचं, त्यातच वीस वळणं निघून जातात.

आणि गोष्ट. यासाठी एक काम आठवडाभर आधी करून ठेवायचं: आजीच्या नाहीतर आबांच्या आवाजात गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करा. आजीला फक्त एवढंच सांगायचं की नातवाचं नाव गोष्टीत घाल आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारून थांब. "मग वाघ म्हणाला, अगो बाय, तुझ्या डब्यात काय आहे गो?" एवढं बोलून आजी थांबली की मागच्या सीटवरून उत्तर येतंच येतं. चारेक गोष्टी पुरतात, मुलं तीच तीच परत लावायला सांगतात. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा हां, घाटात नेटवर्क जातं आणि ऑनलाईनच्या भरवशावर राहिलात तर ऐन वाघाच्या वेळेला गोल गोल फिरत बसतं.

दोन-तीन वर्षांच्या मुलांना "मी काय बघितलं" पुरतं. गाय, माकड, धबधबा, लाल बस. आधी तुम्ही सांगा, मग तो शोधेल. ड्रायव्हरला मात्र कुठल्याच बघायच्या खेळात घ्यायचं नाही, "बाबा बघा ना माकड" याला एकच उत्तर, बाबा नंतर बघणार.

सपाटीवर: आता हात मोकळे सोडा

बेळगाव मागे पडलं की रस्ता सरळ होतो, तिथून पिशवी उघडायची. महागडी ट्रॅव्हल किट घेऊ नका. मी एक स्टीलचं काठवालं ताट घेते, मांडीवर ठेवलं की टेबल झालं आणि काठामुळे वस्तू घरंगळत नाहीत. फ्रिजवर लावायची चुंबकाची अक्षरं त्यावर चिकटली तर अजूनच मजा, पण सगळं स्टील चुंबकाला चिकटत नाही, म्हणून बाजारात किंवा घरातच एक चुंबक लावून बघा आणि मग ताट निवडा.

सोबत काय काय:

- रंगीत पेन्सिली. मेणाचे खडू नकोत, मे महिन्यात बंद गाडीत वितळून सीटला लागतात ते निघत नाहीत.
- पाण्याच्या पेनने रंगणारी वही, वाळली की परत वापरता येते.
- कपड्यांचे चिमटे आणि पुठ्ठ्याचा तुकडा. तीन वर्षांचं मूल पुठ्ठ्याच्या कडेला चिमटे लावत आणि काढत जेवढा वेळ बसतं तेवढा वेळ बॅटरीच्या खेळण्याने बसत नाही.
- जुन्या मोज्यांवर डोळे काढून केलेल्या बाहुल्या.
- कागदी टेप, खिडकीवर चिकटवा, सोडवा, परत चिकटवा.

शिट्टी, पुंगी, आवाज करणारं काहीही नको. भेट म्हणून मावशीने दिलं असलं तरी घरी ठेवा.

या वस्तू एकदम द्यायच्या नाहीत, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. एकेक वस्तू पेपरात पुडी बांधून ठेवा आणि ठरलेल्या ठिकाणी एक पुडी उघडायची. वस्तू घरातलीच जुनी असली तरी पुडी सोडवण्यातच अर्धी मजा असते. तासाला एक पुडी हा हिशोब बरा पडतो, पण मूल झोपलं असेल किंवा बाहेर बघत रमलं असेल तर पुडी पुढे ढकलायची. शांत बसलेल्या मुलाला रमवायला जायचं नाही, हे मोठ्यांना जमत नाही फार.

वाचायला यायला लागलेल्या मुलांसाठी नंबर प्लेट. पुण्याच्या रस्त्याला हा खेळ भारी जमतो कारण नंबर ओळीने चढत जातात. जीए सोडलं की सिंधुदुर्गाची एमएच ०७, मग कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२. आंबोलीवरून गेलात तर हा क्रम जवळजवळ तसाच मिळतो, बेळगाववरून गेलात तर आधी केए २२. ०८ कुठे गेली असं पोर विचारतंच, ती रत्नागिरी, ती मुंबईच्या रस्त्याला. कराडची ५० मध्येच येऊन क्रम बिघडवते, त्यालाच बोनस मार्क ठेवा. कागदावर आकडे लिहून द्यायचे आणि दिसला की खूण करायची. परत येताना तेच उलटं.

मुंबईच्या रस्त्याला नद्या घ्या. कोलवाळला शापोरा, बांद्याला तेरेखोल, कणकवलीकडे गड नदी, संगमेश्वरला शास्त्री, चिपळूणला वाशिष्ठी, खेडला जगबुडी, महाडला सावित्री, कोलाडला कुंडलिका. आधी यादी द्यायची, पूल आला की पाटी वाचून खूण. जगबुडी या नावावर प्रत्येक मूल हसतं आणि मग नदीने खरंच जग बुडवलं का यावर अर्धा तास चर्चा चालते, त्यात ढवळाढवळ करू नका.

"अजून किती राहिलं?"

याला मिनिटांत उत्तर द्यायचं नाही. पाच वर्षांच्या मुलाला चाळीस मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही, चाळीस सांगितलं तरी दोन मिनिटांनी परत विचारतं. पुठ्ठ्याची लांब पट्टी कापा, त्यावर ओळीने गावं लिहा, वाचता येत नसेल तर चित्रं काढा: घाटाला डोंगर, कोल्हापूरला देऊळ, बोगद्याला काळं भोक, शेवटी आत्याचं घर. एक चिमटा लावायचा आणि गाव गेलं की मुलानेच चिमटा पुढे सरकवायचा. मग प्रश्न आला की उत्तर एकच, "चिमटा कुठे आहे बघ". मोठ्या भावंडाला हे खातं दिलं की त्याला पण जबाबदारी वाटते. पुडी उघडायची ठिकाणं आणि थांबे याच पट्टीवर चांदणी काढून दाखवा.

थांबे

दीड-दोन तासाला एक थांबा, मोठ्यांना गरज नसली तरी. तान्ह्या बाळाला तर सीटमधून बाहेर काढून आडवं करायलाच पाहिजे, तासन्‌तास त्याच घडीत बसवून ठेवणं चांगलं नाही. आणि थांबलात की सरळ हॉटेलात शिरून परत खुर्चीत बसवू नका. आधी दहा-पंधरा मिनिटं पळू दे, उड्या मारू दे, गाड्यांपासून लांब जागा बघून, मग खाणं. सावंतवाडीवरून जाणार असाल तर मोती तलावाच्या काठाने एक चक्कर आणि तिथली लाकडी खेळणी बघायला थांबा, छोटी लाकडी फळं किंवा गाडी घेतलीत तर पुढच्या दोन पुड्यांची सोय झाली. तीन वर्षांखालच्याला सुटे बारीक तुकडे असलेलं काही घेऊ नका.

शू लागो न लागो, प्रत्येक थांब्याला जाऊन यायचं. लहान मुलांसाठी घरची पॉटी आणि एक जुना पंचा आडोशाला बरोबर ठेवा, स्वच्छ बाथरूम शोधत फिरण्यापेक्षा ते सोपं.

चालत्या गाडीत चार वर्षांखालच्या मुलांना शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, चघळायच्या गोळ्या नकोत. खड्ड्यात गाडी आदळली आणि दाणा घशात गेला तर मागे वळून बघेपर्यंत उशीर होतो. रसबाळी केळं, चपातीचा गूळ-तुपाचा रोल, काकडीच्या लांब फोडी, हे बरं. चिप्सचं पाकीट द्यायचंच असेल तर थांब्यावर द्या.

मूल झोपलंय म्हणून त्याला गाडीत ठेवून चहाला जायचं नाही. उन्हात उभी केलेली गाडी दहा मिनिटांत दहाएक डिग्रीने तापू शकते, काच थोडी उघडी ठेवून काही फरक पडत नाही.

मोबाईल

मी मोबाईलच्या विरोधात नाही, मी तो लवकर काढायच्या विरोधात आहे. सकाळी आठला कार्टून लावलं की दिवसभर दुसरं काही चालत नाही, चिमटे आणि पुड्या सगळं फिकं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय ते असं की दोन वर्षांखालच्यांना स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. तो एक तास कुठे वापरायचा हे तुमच्या हातात आहे ना, मग तो शेवटी वापरा. कात्रजची गर्दी, पनवेलचं ट्रॅफिक, बाहेर अंधार झालाय, बघायला काही नाही, सगळे दमलेत, तेव्हा. हातात खाली धरून बघू देऊ नका, पुढच्या सीटच्या मागे डोळ्यांच्या पातळीला घट्ट बसवा, म्हणजे मान वर राहते आणि ब्रेक मारल्यावर मोबाईल उडत नाही. व्हिडिओ आधीच डाऊनलोड करून ठेवा आणि कितव्या व्हिडिओला बंद होणार ते सुरू करतानाच सांगा.

गाडी नकोच, असं कधी

दोन वर्षांखालचं मूल, मुंबई, आणि गाडी चालवणारा एकच माणूस असेल तर मी सरळ कोकण रेल्वे सांगेन. बाळाला घेऊन डब्यात येरझाऱ्या घालता येतात, भरवता येतं, बाथरूम तिथेच. आता रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, चवथीच्या आणि मे महिन्याच्या तारखा तर त्याच दिवशी बघायच्या. गाडीनेच जायला पाहिजे असेल तर पुण्याला जाताना कोल्हापुरात आणि मुंबईला जाताना चिपळूणकडे रात्री मुक्काम टाका, आणि निम्म्या पुड्या न उघडता वेगळ्या पिशवीत ठेवा, दुसऱ्या दिवशीही लागतात आणि परतीच्या वाटेवर तर लागतातच लागतात.